सोळा भोकांचं पिंप

पिंपाला भोकं सोळाच होती. लंकाबाईनं हे डॉक्टरला सांगितलं, कंपौंडरला सांगितलं, मुकादमाला वाटेत अडवून सांगितलं, आणि रविवारी सातपूरहून डबा घेऊन आलेल्या सख्ख्या भावालाही सांगितलं. एकानं ऐकलं असेल तर शपथ. डॉक्टर म्हणाला, मोजण्यात चूक झाली असेल. कंपौंडर हसला. भाऊ म्हणाला, "आक्का, झोप काढ थोडी."

मोजण्यात चूक! सातपूरच्या शाळेत ती तिसरीपर्यंत शिकली होती, आणि तिसापर्यंतचे पाढे तिला आजही उलटे म्हणता येत होते. त्या सोळा भोकांच्या सोळा खुणा तिनं स्वतःच्या हातानं, कोळशानं केल्या होत्या. बाईला आपल्या हातातल्या बांगड्या किती हे कुणी दुसऱ्यानं सांगायचं का?

पण हे सगळं शेवटाकडचं. सुरुवात अगदी साधी होती. एक पिंप हवं होतं, बस.

साल चौतीस असेल नाहीतर पस्तीस. माघाची थंडी. नाशिकच्या बाहेर, गंगापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या खालच्या अंगाला, बाभळीच्या रानात गाठीच्या तापाचा वॉर्ड घातला होता. वॉर्ड म्हणजे काय, तट्ट्यांच्या सहा झोपड्या, डॉक्टरचा तंबू आणि एक कौलारू स्वयंपाकघर. भोवती बांबूचं कुंपण, एक फाटक. फाटकावर फकिरा नावाचा साठीचा रखवालदार. आणि आत सगळं बघायला लंकाबाई. पेज शिजवायची, घाण काढायची, मेलेल्याचे डोळे मिटायचे, आणि त्याचं अंथरूण-पांघरूण जाळायचं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि भीती ही वस्तू तिच्या घरात कधी राहिलीच नव्हती.

गोधड्या ती उघड्यावर जाळायची. एके दिवशी वारा सुटला आणि अर्धी जळालेली गोधडी उडून पलीकडच्या केरू माळ्याच्या वाफ्यात पडली. केरू कुंपणाशी येऊन ओरडायला लागला.

"लंकाबाई, तुमच्या मेलेल्यांची अंथरुणं माझ्या मेथीत पडाया लागली!"

"मग ओरडतोस काय? उचल आणि टाक इकडं."

"मी हात लावू? आणि ही मेथी उद्या बाजारात जायची हाय!"

"बरं झालं सांगितलंस," लंकाबाई म्हणाली. "महिनाभर मेथी खात नाही आता."

डॉक्टरनं ते ऐकलं आणि सांगितलं, यापुढे उघड्यावर काही जाळायचं नाही. आग्रा रस्त्याच्या कामावरचं डांबराचं एक रिकामं पिंप कुणीतरी पाठवून दिलं होतं, ते झोपड्यांपुढच्या मोकळ्या जागेत पडलं होतं. त्याचं झाकण कापून, खाली भोकं पाडून घ्यावीत आणि त्यात जाळावं.

कापणारा शोधायला लांब जावं लागलं नाही. भद्रकालीच्या देवळामागे पत्र्याचं दुकान असलेला इसाक रोज सकाळी फाटकाबाहेर येऊन उभा राहायचा. त्याची पोरगी ताहेरा, चौदा वर्षांची, तिसऱ्या झोपडीत होती. काखेत गाठ, अंगात ताप. बायको आधीच गेलेली. बाहेरच्या माणसाला आत सोडत नसत, म्हणून तो नुसता उभा राहायचा, बांबूला कपाळ टेकून.

"नुसता उभा राहतोस त्यापेक्षा छिन्नी-हातोडा घेऊन ये," लंकाबाई म्हणाली. "काम कर. आत आलास की लांबून पोरगीही दिसेल."

इसाक तासाभरात अवजारं घेऊन हजर झाला. आधी झोपडीच्या दाराशी थांबून त्यानं पोरीला बघितलं. ताहेरानं खाटेवरून हात हलवला. परत येताना त्याचे डोळे लाल होते.

"बाई, एवढी एकच राहिलीय मला."

"ती तिच्या पायानं या फाटकातून बाहेर पडेल," लंकाबाई म्हणाली. "मी सांगते ना. मी सांगितलेलं खोटं झालेलं बघितलंयस कधी?"

तिनं काही सांगितलेलं इसाक आजच पहिल्यांदा ऐकत होता, पण त्यानं मान डोलावली.

पिंपाचं बूच काढून त्यानं आत वास घेतला आणि मागे सरला. म्हणाला, आत डांबराची वाफ कोंडलीय, छिन्नीची ठिणगी पडली तर उडेल. आधी तोंडापर्यंत पाणी भरा. फकिरानं आणि त्यानं ओढ्यावरून पाणी आणून पिंप भरलं. मग इसाकनं कडेकडेनं छिन्नी चालवली. ठण्... ठण्... ठण्. झाकण गोल सुटून आलं. कापलेली कड त्यानं हातोडीनं आत मुडपली, कुणाचा हात कापू नये म्हणून. हाताला कसब होतं माणसाच्या.

"आता पाणी ओतून टाकायचं ना?" लंकाबाईनं विचारलं.

"कशाला उलटं करायची मेहनत? भोकं पाडली की आपोआप जाईल. तुम्ही पुढं चला, खुणा करा. बुडापासून वीतभर वर. मी मागनं ठोकत येतो. आधी चार दिशांना चार, मग त्यांच्या मधे-मधे."

लंकाबाईनं कोळसा घेतला. ती पिंपाभोवती पुढं चालायची, खूण करायची. मागून इसाक जाड खिळा ठेवून हातोडा घालायचा. एक घाव, आणि भोकातून पाण्याची धार कमानीसारखी बाहेर पडायची. एक फेरी, चार भोकं. दुसरी फेरी. तिसरी. चौथी. ती पुढं, तो मागं, आणि पिंपाच्या चहूअंगानं पाणी भळाभळा वाहत होतं. जमिनीवर ओल्या मातीचं कडं उमटलं.

फाटकापाशी फकिरा उभा होता. त्याच्या हातातली काठी खाली पडली.

"बाई," तो म्हणाला, "हे असं पाणी... बाई, हे बरं नाय..."

"तोंड मिट आणि सरपण आण," लंकाबाई म्हणाली.

फकिरा सरपण आणायला गेला.

पिंप रिकामं झाल्यावर इसाकनं ते तीन दगडांवर बसवलं. आत गज आडवे घातले. मग लंकाबाईचा हात धरायच्या बेतानं पुढं झाला आणि थांबला, नुसतं बोटानं दाखवून म्हणाला, "भोकाला बाहेरून हात लावून बघा, गुळगुळीत. काटे सगळे आतल्या अंगाला. बाहेरून ठोकलेलं भोक असंच असतं. खालनं हवा आत जाईल, धूर वरनं निघेल. खालून धूर कधी यायचा नाही."

पेटवायची वेळ आली तेव्हा काड्यापेटी दवानं सर्दलेली निघाली. लंकाबाईनं कुरकुर केली नाही. स्वयंपाकघरात चूल धगधगत होतीच. एका मडक्यात तिनं निखारे घेतले, हात भाजू नये म्हणून मडक्याच्या गळ्याला दोरी बांधली आणि ते लोंबकळतं धरून निघाली. जाळायच्या गोधड्यांचं गाठोडं जड होतं. ते दोन बांबूंच्या मधे बांधून फकिरानं पुढचं टोक खांद्यावर घेतलं, इसाकनं मागचं.

पहिल्या झोपडीच्या दारात अंबूबाई बसली होती. सत्तरीची म्हातारी, ताप उतरलेला, दोन दिवसांत घरी जायची होती. तिनं कपाळावर हात धरून बघितलं.

"लंके, कोण गेलं गं?"

"कुणी नाही."

"मग मडकं धरून पुढं तू... मागनं खांद्यावर... नेताय कुणाला?"

"चिंध्या आहेत, म्हातारे. चिंध्या."

अंबूबाई हसली. तोंडात दोन दात होते. "चिंध्यांपुढं कुणी विस्तव धरतं व्हय? बघ बाई. मडकं निघालं म्हणजे मागनं कुणीतरी यायलाच पाहिजे."

लंकाबाईही हसली. गोधड्या पिंपात गेल्या, निखारे गेले, वरून सरपण. जाळ धडधडत वर आला. इसाक खूश झाला. रिकामं मडकं लंकाबाईनं पिंपाशेजारीच ठेवलं, पुन्हा लागेल म्हणून.

दिवेलागणीला ती अंबूबाईला पेज द्यायला गेली. म्हातारी दारात तशीच बसली होती, कपाळावर हात धरून, पिंपाकडे बघत. लंकाबाईनं हाक मारली. खांद्याला हात लावला. अंग थंड होतं, नुसतं गेलेल्याचं असतं तसं नाही, ओढ्यातल्या दगडासारखं.

दुसऱ्या सकाळी लंकाबाईनं अंबूबाईचं लुगडं आणि घोंगडी जाळायला नेली. मडक्याची गरज पडली नाही. राख उकरली तर खाली निखारे लाल होते, रात्रभर दव पडूनही. जाळ झाला, वरून धूर निघायला लागला. आणि मग तिला दिसलं. पूर्वेकडच्या पहिल्या भोकातून धुराची एक बारीक रेघ बाहेर येत होती. थांबायची. पुन्हा यायची. थंडीत माणसाच्या नाकातून निघते तशी.

"वारा फिरला असेल," ती स्वतःशीच म्हणाली. बाभळीचं पानही हलत नव्हतं.

त्या आठवड्यात अंबूबाई धरून चार जण गेले. चारी ताप उतरायला लागलेले, पेज मागून खाणारे. चौथा गेला त्या सकाळी चार भोकांतून धूर येत होता, एकापाठोपाठ एक, ओळीनं. लंकाबाईनं डॉक्टरला बोलावून दाखवलं. डॉक्टर कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"लंकाबाई, हा ताप असाच दगा देतो."

"तापाचं नाही म्हणत मी. धुराचं म्हणते. बाकी बाराला काय झालं?"

"बाकी बुजली असतील राखेनं."

तिनं गजानं खरवडून सगळी साफ केली. दुसऱ्या दिवशी पाचवा गेला आणि पाच भोकं धुरायला लागली.

मग तिनं मोजायला सुरुवात केली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढल्या. नवे रोगी यायचे थांबले होते, शहरातली साथ ओसरत होती. दहावी रेघ ओढली त्या दिवशी तिच्या लक्षात आलं: भोकं राहिली सहा, माणसं राहिली सात. ताहेरा धरून.

सहा जाणार, एक राहणार.

आणि त्या दिवसापासून लंकाबाई एक गोष्ट करायला लागली, जी तिनं पुढं कुणालाही सांगितली नाही. पेज वाढताना ती ताहेराला आधी वाढायची आणि वरची दाट पेज द्यायची. ताहेराची खाट तिनं ओढून झोपडीतच स्वयंपाकघराकडच्या तट्ट्याशी घेतली, पिंपापासून सगळ्यात लांब. रात्री कण्हणं ऐकू आलं की आधी ताहेराच्या अंगाला हात लावायची, मग बाकीच्यांकडे जायची. अकरावा गेला तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं? "बरं झालं, ती नाही." आलं ते आलं. देवासमोर खोटं काय बोलायचं.

ताहेराला बोलायला आवडायचं. ताप कमी असला की तिची टकळी सुरू.

"मौसी, तुम्ही सगळ्यांवर ओरडता, माझ्यावर का नाही?"

"तुझ्या अंगात मांस येऊ दे, मग ओरडते."

"मौसी, रात्री त्या पिंपाजवळ कोण बसतं?"

लंकाबाईच्या हातातली पळी थांबली. "कुणी नाही बसत."

"बसतं. दगडावर. आपण खाटेवर जागा करून देतो ना कुणाला, तसं थोडं सरकून बसतं... बाजूला जागा ठेवून."

लंकाबाईनं पळी खाली ठेवली, पदर खोचला आणि तडक जाऊन पिंपात पाण्याच्या घागरी ओतायला लागली. विझवूनच टाकते, म्हणाली. चार घागरी ओतल्या. निखारे चरचरले, वाफेचा लोट आला, जळक्या केसांसारखा वास सुटला. मग भोकांतून पाणी यायला लागलं. पण सोळांतून नाही. अकरा धुरकट भोकांतून थेंबही नाही. उरलेल्या पाचांतून मात्र पाच धारा कमान करून बाहेर पडल्या, पहिल्या दिवशीसारख्या.

फकिरा मागं येऊन उभा होता. या वेळी त्यानं काठी घट्ट धरली होती.

"आता तरी बोलू का, बाई?"

"बोल."

"तुम्ही बायामाणसं मसणात येत नाय. तुम्हाला ठावं नसतं. तिथं मडक्यात पाणी भरून खांद्यावर देत्यात... ज्यानं विस्तव धरला त्याच्या. तो पुढं चालतो, चितेभोवती. मागनं दुसरा दगडानं मडक्याला भोक पाडतो. एका फेरीला एक. पाणी असंच सांडत जातं." त्यानं काठीनं पिंपाकडे दाखवलं. "तुम्ही पुढं चालत होता, इसाक मागनं ठोकत होता. त्याला काय ठावं? त्याचा धरम येगळा."

घागर लंकाबाईच्या कमरेवर होती, तिच्यातलं पाणी डचमळलं.

"मसणात तीन फेऱ्या असत्यात," फकिरा म्हणाला, "आणि तीन भोकं. म्या लय खांदे दिले हायेत. सोळा भोकांचं मडकं म्या कुठं पाह्यलं नाय."

लंकाबाई बसून रडणारी बाई नव्हती. तिनं ओढ्याकाठची चिकणमाती आणली आणि उरलेली पाच भोकं गच्च बुजवून टाकली, वरून शेण लिंपलं. दोन दिवस वॉर्डात कुणी गेलं नाही. डॉक्टर म्हणाला, बघ, साथ संपली. तिसऱ्या सकाळी ती पिंपाकडे गेली. मातीचे पाचही बोळे जमिनीवर पडले होते, भाजून विटेसारखे लाल झालेले. खाली गळून पडलेले नव्हते. पिंपापासून हातभर लांब, पाच दिशांना, कुणी बोटानं आतून ढकलावेत तसे.

त्या दिवशी दोघं गेली. दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी दोघं, नवरा-बायको, शेजारच्या खाटांवर, तासाभराच्या अंतरानं.

सोळा.

वॉर्डात ताहेरा एकटी उरली. गाठ बसली होती, ताप गेला होता. डॉक्टरनं सांगितलं, सोमवारी हिला सोडू आणि झोपड्या जाळून टाकू. इसाक फाटकाबाहेर हसला आणि रडला, एकाच वेळी. लंकाबाई रात्रभर गाढ झोपली, महिन्याभरात पहिल्यांदा. तिनं सांगितलेलं खोटं झालं नव्हतं.

शनिवारी सकाळी ती पिंपाची राख काढायला गेली. सोळाही भोकं शांत होती. धूर नाही, ऊब नाही. तिनं सवयीनं बोट टेकवत मोजलं. चौदा, पंधरा, सोळा. आणि बोट पुढं सरकलं.

सतरा.

तिनं पुन्हा मोजलं. सतरावं भोक स्वयंपाकघराच्या बाजूला होतं, जिथं ताहेराची खाट होती. तिनं त्याच्यावर हात फिरवला आणि झटकन मागं घेतला. बोटातून रक्त आलं. बाकीची सगळी बाहेरून गुळगुळीत होती. या एकाचे काटे बाहेरच्या अंगाला वळलेले होते.

हे तिनं सगळ्यांना सांगितलं, आणि कुणी ऐकलं नाही. मोजण्यात चूक म्हणणाऱ्या डॉक्टरला तिनं भोक दाखवलं, तर तो म्हणाला, कुणीतरी आतून खिळा मारला असेल. "पेटत्या पिंपात बसून?" तिनं विचारलं. डॉक्टर शहरात निघून गेला. इसाकला मात्र तिनं सांगितलं नाही. त्याच्या चेहऱ्याकडे बघून जीभ रेटली नाही.

शनिवारी संध्याकाळी ताहेराला पुन्हा ताप भरला. रविवारी रात्री ती झोपेत थोडी सरकली, खाटेच्या कडेला, शेजारी जागा करून दिल्यासारखी. लंकाबाईनं तिला ओढून मधे घेतलं आणि सकाळपर्यंत तिचा हात सोडला नाही. सकाळी तिनं फकिराला धरलं.

"सोळा झाले ना तुझ्या हिशोबानं? मग हे सतरावं काय मागतंय?"

फकिरानं काठी कुंपणाला टेकवून ठेवली.

"बाई, ते सोळा त्याचे नव्हते. पहिल्या दिवशी बांबूवर चिंध्या होत्या. विस्तव धरला, फेऱ्या झाल्या, पण माणूस नव्हतं. जागा मोकळी राह्यली. ते तवापासून माणूस हुडकतंय. एकेक घेऊन बघतंय... हे नाय, हे बी नाय."

"थांबवायचं कसं?"

"मसणात शेवटाला मडकं पाठीमागं टाकून फोडायचं. मग तोंडावर उलटा हात धरून बोंब मारायची, गेलेल्याच्या नावानं. आणि मागं न बघता चालू लागायचं. मग ते सुटतं. इथं फुटलं नाय, बोंब नाय. नाव दिलंच नाय कुणी. आता ज्याचं नाव दिलं, त्यालाच ते नेणार."

"मग तू दे."

"म्या नाय, बाई. ज्यानं विस्तव धरला त्यानंच."

"आणि नाव नाही दिलं तर?"

फकिरानं तिसऱ्या झोपडीकडे बघितलं. तेवढंच.

"मेल्या," लंकाबाई दात-ओठ खात म्हणाली, "त्याच दिवशी का नाही बोललास? सोळा माणसं..."

"बोलाया लागलो होतो," फकिरा हळू म्हणाला. "तुम्ही तोंड मिट म्हणालात."

भर दुपार झाली. ऊन पांढरं पडलं होतं, कुठं पाखरू नाही, केरूच्या मळ्यातली मोटही थांबलेली. लंकाबाईनं ताहेराला चादरीत गुंडाळून दारात उभं केलं. पोरीचं अंग तव्यासारखं तापलं होतं, पाय लटपटत होते.

"ते बघ, तुझा बाप फाटकापाशी उभा आहे. त्याच्याकडे बघत चालायचं. पडलीस तरी रांगत जा. माझ्याकडे बघायचं नाही."

"तुम्ही नाही येणार, मौसी?"

"मला काम आहे. चल, नीघ. नाहीतर ओरडीन."

ताहेरा हसली. मग चालायला लागली.

लंकाबाई पिंपापाशी गेली. शेजारी ते रिकामं मडकं अजून होतं, गळ्यात दोरी. तिनं ते उचललं, पिंपात टाकलं, आणि पिंपाकडे पाठ करून उभी राहिली. थंड पडलेला पत्रा तिच्या पाठीला लागला. लुगड्यातून, सतराव्या भोकाच्या जागी, उबदार श्वासासारखं काहीतरी पोटरीला लागलं... थांबलं... पुन्हा लागलं.

तिनं पाय रोवले आणि पाठीनं रेटलं. तीन दगडांवरून पिंप कलंडलं. पत्र्याचा मोठा आवाज झाला, आत मडकं फुटल्याचा लहान. राख फुसकन उडून तिच्या दोन्ही बाजूंनी पुढं आली. ती चालू लागली. मागं बघितलं नाही.

मागं पिंप लोळत होतं. उतार संपल्यावर थांबायला हवं होतं, थांबत नव्हतं. तिच्या चालीनं येत होतं. ती हळू झाली की ते हळू.

नाव. नाव द्यायचं होतं. इसाकनं भोकं पाडली. पण तो त्या पोरीचा बाप होता आणि त्याला ठावं नव्हतं. फकिराला ठावं होतं. पण तो बोलायला आला होता. केरूनं आरडाओरडा केला नसता तर पिंपच आलं नसतं. म्हातारीनं दारातून विचारलं नसतं तर... बारा वर्षं ती दुसऱ्यांची नावं घेत बोंबलत आली होती, सकाळ-संध्याकाळ, चुकीच्या मापानं तांदूळ घालणाऱ्यापासून फाटक उघडं टाकणाऱ्यापर्यंत. आज एकही जिभेवर टिकेना. विस्तव कुणी आणला? खुणा कुणी केल्या? उरलेल्यांत एक वाचवायला बाकीच्यांना मोजत कोण बसलं होतं?

समोर ताहेरा पडली. उठली. तिनं फाटकाच्या बांबूला हात लावला. इसाकनं हात पुढं केले. पोरगी तिच्या पायानं फाटकाबाहेर गेली.

लंकाबाई थांबली. तिच्या मागं पिंपही थांबलं.

तिनं उलटा हात तोंडावर धरला. छाती भरून श्वास घ्यायला लागली. नाव तिला ठाऊक होतं. पण श्वास अजून पुरता आत गेला नव्हता, ओठ मिटलेले होते, आणि मागून, सतराही भोकांतून एकदम, बाभळीचं रान हादरवत, बोंब उठली. आवाज तिचाच होता. तिच्यासारखा नव्हे. तिचाच.

"लंकाबाई!"